बकरी कुठं बांधायची, हे सभेत विचारा

आदरणीय काका,
मी नगर परिषदेवर पहिल्यांदाच निवडून आले आहे. गाव तालुक्याचं, जिल्हा यवतमाळ. आमच्याकडं तीन मजल्यांच्या वर एकही इमारत नाही. आता गावाबाहेरच्या पाच एकर ई-क्लास (सरकारी) जमिनीवर सात-सात मजल्यांच्या चार इमारती बांधून १६८ घरकुलं द्यायचा विषय सर्वसाधारण सभेत येतो आहे. माझ्या प्रभागातल्या दोन वस्त्या, एक नाल्याकाठची आणि एक बैलबाजारामागची, तिकडं हलवायच्या आहेत. ऑफिसातले म्हणतात, गावाचा चेहरामोहरा बदलेल, शेतजमीन वाचेल. सासरे म्हणतात, एवढी मोठी योजना येते आहे, तू आडवी जाऊ नको. वस्तीतल्या बाया विचारतात, ताई, चौथ्या मजल्यावर बकरी कुठं बांधू? मला दोन्हीकडचं पटतं. आमच्यासारख्या बसक्या गावानं उंच बांधावं का? मी हात वर करू की नको? कृपया नाव छापू नका.
– एक नगरसेविका

ताई,

तुमच्या पत्रातला बकरीचा प्रश्न सभेत कुणीतरी हसण्यावारी नेईल. नेऊ देऊ नका. माझ्या २८ वर्षांच्या नोकरीत घरकुलांच्या ज्या योजना फसताना पाहिल्या, त्यातल्या बहुतेकींचं मूळ असल्याच एखाद्या प्रश्नात होतं, आणि तो कुणी कागदावर घेतला नव्हता. मी नगर परिषदेत ओव्हरशिअर म्हणून लागलो. निम्मी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, निम्मी बांधकामात. त्यामुळं जे सांगतो ते मोटरी, व्हॉल्व्ह आणि जिने पाहून सांगतो.

आधी उत्तर देऊन टाकतो, तुमचा जीव टांगणीला नको. घरं हवीतच. १६८ ची २०० झाली तरी हवीत. पण सात मजले नकोत. तुमच्या गावानं आज तळमजला आणि वर दोन, एवढंच चढावं. का, ते सविस्तर सांगतो, कारण सभेत तुम्हाला नुसतं ‘नको’ म्हणून चालणार नाही.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका गावात झोपडपट्टी सुधारणेच्या योजनेतून तळमजला अधिक तीन अशा इमारती झाल्या. दिवाळीत चाव्या वाटल्या, फोटो निघाले. मी पुढच्या वैशाखात एका कामासाठी तिथं गेलो. दुपारचे चार वाजले असतील. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर एक म्हातारी पाण्यानं भरलेला गुंड, म्हणजे हंडा, खाली ठेवून भिंतीला टेकून बसली होती. वरच्या टाकीची मोटर जळाली होती, ती वर्षातली तिसरी खेप. खाली टँकर आला होता आणि बाया गुंडानं पाणी वर नेत होत्या. मी विचारलं, मावशी, कितव्या मजल्यावर? ती म्हणाली, ‘तिसऱ्या. घर चांगलं हाये बाप्पा, पन पानी नाई चढत, अन् मी बी नाई चढत.’ तिच्या मजल्यावरच्या आठ घरांपैकी सहांना कुलूप होतं. ती माणसं पुन्हा जुन्या जागेवर ताडपत्री टाकून राहायला गेली होती. एका बंद घराच्या संडासात पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, रचलेल्या मी खिडकीतून पाहिल्या.

आता यातलं खरं दुखणं ऐका. जळालेल्या मोटरीत पुन्हा तार भरून आणायला तीनेक हजार रुपये लागत होते. इमारतीत ३२ कुटुंबं. घरटी शंभराची नोटसुद्धा पुरी लागत नव्हती. ती गोळा करायला कुणी नव्हतं. सोसायटी नोंदलेली नव्हती. ऑफिस म्हणे, चाव्या दिल्या, आता इमारत तुमची. रहिवासी म्हणत, जमीन सरकारची, बांधकाम सरकारचं, मग मोटर आमची कशी? दोघंही आपापल्या जागी खोटं बोलत नव्हते. आणि म्हातारी जिन्यात बसली होती.

बसक्या घराचा पंप बिघडला तर एक कुटुंब अडतं, आणि ते संध्याकाळपर्यंत काहीतरी जुगाड करतं. उंच इमारतीत एक मोटर, एक टाकी, एक लिफ्ट, एक मुख्य स्विच यांच्यावर चाळीस कुटुंबांचा संसार टांगलेला असतो. म्हणून मजले मोजण्याआधी हे मोजायचं की दर महिन्याला पैसे गोळा करणारी, हिशोब ठेवणारी आणि मिस्त्रीला फोन करणारी व्यवस्था गावात उभी आहे का. नागपुरात ती बऱ्याच जागी आहे. नोकरदारांच्या सोसायट्या आहेत, लिफ्टवाल्या कंपनीचा माणूस तासाभरात येतो. तुमच्याकडं लिफ्टचा मिस्त्री अमरावतीहून किंवा नागपूरहून येणार, आणि तो येईस्तोवर सहाव्या मजल्यावरची गरोदर बाई जिना चढणार. लिफ्टला राज्याचा २०१७ चा कायदा लागू आहे, परवाना लागतो, विद्युत निरीक्षकाची तपासणी लागते. तो खर्च मजुरी करणाऱ्या घरांनी उचलायचा असेल तर तो आकडा प्रकल्प अहवालात दिसायला हवा. लिफ्ट बसवायचा खर्च त्यात नक्की असेल. ती दहा वर्षं चालवायचा खर्च कोणत्या पानावर आहे, ते मुख्याधिकाऱ्यांना विचारा.

पाण्याचा हिशोब तुम्हाला करून देतो. सांडपाण्याची व्यवस्था असलेल्या शहराला माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. घरात पाच माणसं धरली तर १६८ घरांत ८४० माणसं, म्हणजे रोजचं एक लाख तेरा हजार लिटरच्या आसपास. ते वर चढवायला वीज फार लागते असं कुणी सभेत म्हणालं तर त्याला साथ देऊ नका, ते खरं नाही. एवढं पाणी सात मजले चढवायला घरटी रोज पाव युनिटसुद्धा लागत नाही. अडचण पाणी मुळात येण्याची आहे. केंद्र सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या जुन्या मॅन्युअलमध्ये नळाला दाब किती हवा ते दिलेलं आहे: एकमजली घराला ७ मीटर (म्हणजे पाणी तेवढ्या उंचीपर्यंत चढेल एवढा), दुमजलीला १२, तिमजलीला १७. तुमच्या गावात त्या कोपऱ्यातल्या नळाला किती दाब येतो, आणि किती दिवसांआड येतो? आमच्या भागातल्या कित्येक गावांत उन्हाळ्यात चार-पाच दिवसांआड नळ येतो. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहरानं निळोणा आणि चापडोहचे तळ उघडे पडलेले पाहिले. असल्या दिवसांत तळमजल्यावरचा माणूस टिल्लू पंप लावून का होईना बादलीभर ओढतो. वरच्याला टाकी भरेपर्यंत थांबावं लागतं, आणि टाकी भरत नाही.

त्या १३५ लिटरमध्ये कूलर धरलेला नाही. ही गोष्ट पुण्या-मुंबईत आराखडे काढणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. विदर्भात होळी झाली की कूलर निघतात ते मृग लागेस्तोवर चालतात, आणि त्यांना रोज बादल्यांनी पाणी लागतं. ज्याच्याकडं कूलर नाही तो रात्री अंगणात बाज टाकतो. सातव्या मजल्याच्या घरावर दिवसभर तापलेला स्लॅब असतो. गच्ची एकच, ४२ कुटुंबांची, आणि माझ्या अनुभवात तिला सहा महिन्यांत कुलूप लागतं, कारण पोरं टाकीत दगड टाकतात. मे महिन्यात ४५-४६ अंश तापमानात त्या घरातल्या माणसानं रात्र कुठं काढायची, याचं उत्तर कोणत्याही नकाशात मी पाहिलेलं नाही.

आता बकरी. तुमच्या वस्त्यांतल्या किती घरांत बकऱ्या, कोंबड्या, एखादी गाय आहे? किती घरं शेतमजुरीवर आहेत? बकरी म्हणजे त्या घरची बँक आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. पोरीच्या फीला, नवऱ्याच्या दवाखान्याला तीच विकली जाते. ज्यांनी दोन-चार एकर ठोक्यानं, म्हणजे खंडानं, केलं आहे ते वेचलेला कापूस भाव येईस्तोवर घरातच ठेवतात. माझ्या आईच्या घरी निम्मी खोली मार्चपर्यंत पांढरी असायची, आम्ही उरलेल्या निम्म्यात झोपायचो, आणि अंगाला खाज सुटायची. तो कापूस पाचव्या मजल्यावर कुणी न्यायचा? चुलीच्या तुराट्या, बकरीचं कुटार, फवारणीचा पंप, सायकल, हातगाडी हे सगळं कुठं ठेवायचं? इमारतीखाली ठेवलं तर चोरीला जातं, आणि जिन्यात ठेवलं तर आग लागल्यावर माणसं अडकतात.

आगीचं म्हणाल तर नगर परिषदेच्या अग्निशमन गाडीवरची शिडी एकदा स्वतः जाऊन पाहा. सर्वसाधारण सरकती शिडी साडेदहा मीटरची असते. ती तिसऱ्या मजल्याच्या खिडकीपर्यंत कशीबशी पुरते. सात मजले म्हणजे २१ मीटर. राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ नुसार १५ मीटर आणि त्यावरची इमारत ही उंच इमारत ठरते. तिला आगीसाठी वेगळी टाकी, वेगळा पंप, उभी पाइपलाइन, सुटकेचे पुरेसे जिने, असं बरंच काही लागतं. शिवाय महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे, ती यंत्रणा चालू आहे असं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि दर जुलैत द्यावं लागतं. तुमच्या गावात आजवर किती इमारतींनी ते दिलं, हे मुख्याधिकाऱ्यांना विचारा. ओरडून नाही, साधं विचारा. उत्तर ‘शून्य’ आलं तर ते इतिवृत्तात लिहून घ्या.

मातीबद्दल थोडं सांगतो, कारण यात दोन्ही बाजू चुकतात. आपली काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, भेगा अशा पडतात की हात आत जातो. त्यामुळं काळ्या मातीवर उंच इमारत होतच नाही असं लोक म्हणतात. ते चूक आहे. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अशाच मातीसाठी खाली फुगीर कंद असलेले पाइल विकसित केले आहेत. खोल जाऊन मुरूम गाठला की इमारत उभी राहते, फक्त पायाचा खर्च वाढतो. उलट हलकी, बसकी घरं उथळ पायावर बांधली की माती त्यांना उचलते आणि भिंती तिरप्या चिरतात. म्हणून तुम्ही तीन मजल्यांचा आग्रह धरलात तरी माती परीक्षणाचा अहवाल मागायचाच. बोअर कुठं घेतले, किती खोल घेतले आणि मुरूम कितीवर लागला, एवढं त्यात पाहा.

आता ‘शेतजमीन वाचेल’ या मुद्द्याकडं येतो. मला तो मनापासून महत्त्वाचा वाटतो. तालुक्याच्या गावांभोवतीचं काळं सोनं लेआउटखाली गेलेलं पाहून माझ्या पोटात कालवतं. पण आकडे मांडून पाहू. आत ३० चौरस मीटर चटई क्षेत्र असलेलं घरकुल भिंती, जिना, व्हरांडा धरून ४५ चौरस मीटरचं होईल. अशी १६८ घरं म्हणजे साडेसात हजार चौरस मीटर बांधकाम. सात मजल्यांत ते जमिनीवर १,०८० चौरस मीटर जागा अडवेल, तीन मजल्यांत २,५२०. पाच एकर म्हणजे वीस हजार चौरस मीटरच्या वर. तीन मजल्यांची सगळी घरं त्याच्या आठव्या हिश्शात बसतात! सात मजल्यांवर चढून तुम्ही वाचवता किती, तर १,४४० चौरस मीटर, एकराच्या तिसऱ्या हिश्श्याहून जरा जास्त. त्यातही इमारत उंच झाली की दोन इमारतींत आणि हद्दीकडं सोडायची मोकळी जागा वाढते, म्हणजे वाचलेली बरीचशी तिकडंच जाते. एवढ्यासाठी ८४० माणसांना लिफ्टच्या भरवशावर टांगायचं का? हा हिशोब कागदावर लिहून सभेत न्या. मुंबईत हाच हिशोब उलटा पडतो, कारण तिथं जमीनच नाही. आपल्याकडं जमीन आहे.

शेतजमीन खाल्ली जाते ती दुसरीकडं. तुमच्या गावाभोवतीच्या लेआउटमधून एकदा सकाळी फिरून या. सिमेंटचे खुंट, बाभळी, मधेच एखादं घर. नोकरदारांनी, व्यापाऱ्यांनी वीस-वीस वर्षांपूर्वी प्लॉट घेऊन ठेवले, भाव वाढायची वाट पाहत. तिथं रस्ता नेला, नाली नेली, विजेचे खांब नेले, आणि राहायला कुणी नाही. शेत वाचवायचंच असेल तर नवे अकृषक लेआउट अडवून हे रिकामे प्लॉट भरायची मोहीम काढावी लागेल. त्याला कुणी हात लावत नाही, कारण प्लॉटधारकांमध्ये आपण सगळेच आहोत. माझा स्वतःचा एक होता, तो मी गेल्या वर्षी एका शिक्षिकेला विकला आणि तिनं घर बांधायला घेतलं.

फ्लॅट वाईट असतो असं मात्र मी म्हणणार नाही. बदलीवर आलेली बँकेतली मुलगी, दवाखान्यातल्या सिस्टर, ज्यांची पोरं पुण्याला आहेत असे म्हातारे नवरा-बायको, यांना अंगणापेक्षा बंद दार आणि शेजार बरा वाटतो. अशांसाठी बसस्टँडजवळ कुणी खासगी बिल्डरनं लिफ्टवाली चार मजली इमारत काढली आणि नियमानं बांधली, तर बांधू द्या. घेणारा स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या मर्जीनं घेतो, देखभालीचा खर्च त्याला परवडतो. तुमच्या वस्त्यांतल्या माणसांना मात्र कुणी मर्जी विचारलेली नाही.

सासऱ्यांचं म्हणणं मला समजतं. आमच्या पिढीतल्या माणसानं नागपूरला गेल्यावर मान वर करून मजले मोजलेले असतात. आपल्या गावात तसं काही झालं की गाव पुढं गेलं असं वाटतं, आणि त्या वाटण्यात गावाबद्दलची मायाच असते. त्यांना सेंट लुईसची गोष्ट सांगा. अमेरिकेतल्या त्या शहरानं १९५० च्या दशकात गरिबांसाठी प्रुइट-आयगो नावाची वसाहत बांधली. ११ मजल्यांच्या ३३ इमारती. पैसे वाचवायला लिफ्ट काही ठराविक मजल्यांवरच थांबायची. देखभाल भाड्यातून करायची असं ठरलं होतं. भाडेकरू कमी होत गेले, पैसा आटला, लिफ्ट बंद पडू लागल्या, काचा फुटल्या, माणसं निघून गेली. १९७२ मध्ये सरकारनंच त्या सुरुंग लावून पाडायला सुरुवात केली. अमेरिकेसारख्या देशात, वीस वर्षंसुद्धा पुरी झाली नव्हती. त्या वसाहतीच्या बरबादीला इतरही कारणं होती, शहरच ओसरत होतं. पण देखभालीच्या पैशाची सोय नसलेली उंची गरिबाच्या माथी मारली की काय होतं, ते त्यात दिसतं.

आणि पाहायला म्हणून इंदूरला जा. रात्रीच्या गाडीनं सकाळी पोचता. तिथं अरण्य नावाची वसाहत आहे, वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी १९८० च्या दशकात आखलेली. त्यांना २०१८ मध्ये वास्तुकलेतला मोठा मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार मिळाला, आणि अरण्यला त्याआधीच आगाखान पुरस्कार मिळाला होता. ८५ हेक्टरांवर साठ हजारांहून जास्त माणसांसाठी आखणी, आणि टॉवर एकही नाही. अगदी गरीब कुटुंबाला जोतं, संडास-न्हाणी, पाणी आणि एखादी खोली एवढं द्यायचं, पुढचं ज्याचं त्यानं जमेल तसं चढवायचं. कुणी पुढं दुकान काढलं, कुणी वर खोली चढवून भाड्यानं दिली, कुणी ओटाच मोठा केला. घर कुटुंबाबरोबर वाढलं. सात मजली इमारतीत दुसऱ्या पोराचं लग्न झालं की खोली कुठं काढणार?

तुमच्या गावासाठी माझ्या डोळ्यांसमोर काय आहे, ते सांगतो. तळमजला अधिक दोन, बारा-पंधरा घरांचा एक चौक, मध्ये मोकळं अंगण आणि लिंबाचं झाड. ज्यांच्याकडं जनावरं आहेत, म्हातारी किंवा अपंग माणसं आहेत, त्यांना तळमजला. वर नवी लग्नं झालेली पोरं. गच्चीवर जिना बाहेरून, म्हणजे उन्हाळ्यात झोपता येतं आणि कुरड्या-पापड वाळतात. मागच्या हद्दीला पत्र्याचा एक सामाईक गोठा, पऱ्हाट्या-कुटाराला शेड. पाच एकरांत हे सगळं बसून पोरांना खेळायला मैदान उरतं. खिडक्यांना खोल छज्जे असावेत. सेवाग्रामला बापू कुटीत भर दुपारी जाऊन बसा, मातीच्या जाड भिंती, कवेलूंचं छप्पर आणि खोल पडवी यांनी विजेशिवाय किती थंडावा राहतो ते अंगाला कळेल, मग इंजिनिअरला समजावणं सोपं जाईल.

त्याआधी एक विचारायचं राहिलं. दोन्ही वस्त्या हलवायलाच हव्यात का? नाल्याकाठची पुरात येत असेल तर हलवावीच, त्यात भावनेला जागा नाही. बैलबाजारामागची मात्र उंचावर असेल आणि जमीन सरकारी असेल, तर जागच्या जागी पट्टे देता येतात का ते पाहा. १ जानेवारी २०११ पूर्वीची सरकारी जमिनीवरची निवासी अतिक्रमणं अटींवर नियमानुकूल करून घरकुलाचा लाभ द्यायचं राज्याचं धोरण आहे. जागा नावावर झाली की पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी भागात स्वतःच्या जागेवर बांधायला अडीच लाखांचं अनुदान मिळतं, केंद्राचे दीड आणि राज्याचा एक. घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर होतं, ते नीट पाहून घ्या. हा रस्ता ऑफिसला नको असतो, कारण एक मोठी निविदा काढणं सोपं आणि शंभर लाभार्थ्यांचे हप्ते वेळेवर सोडणं किचकट. माणसं जुनं घर पाडून बसतात, दुसरा हप्ता आठ-आठ महिने येत नाही, पावसाळा ताडपत्रीखाली जातो. हे तुमच्याही प्रभागात झालेलं असणार. नगरसेविका म्हणून तुमचा खरा कस त्या हप्त्यांच्या मागं लागण्यात आहे, आणि त्यासाठी दर आठवड्याला ऑफिसात जावं लागेल.

सभेत हात वर करू की नको, असं विचारलंत. विषय फेटाळा असं म्हणू नका. तसं म्हणालात तर दुसऱ्या दिवशी गावभर होईल की ताईंनी गरिबांची घरं अडवली. उपसूचना मांडा: १६८ घरांना आमची मंजुरी, उंची तळमजला अधिक दोन, आराखडा त्याप्रमाणे सुधारून पुढच्या सभेत आणावा, सोबत माती परीक्षण, पाण्याची हमी आणि दहा वर्षांच्या देखभालीचा खर्च जोडावा. अनुमोदक आधी ठरवून ठेवा, शक्यतो दुसऱ्या गटातला. उपसूचना पडली आणि सात मजलेच रेटले गेले, तर तुमचा विरोध कारणांसकट इतिवृत्तात नोंदवा आणि त्याची प्रत मागा.

सभेला अजून दिवस आहेत तोवर एक काम करा. संध्याकाळी, माणसं कामावरून आल्यावर, वही घेऊन दोन्ही वस्त्यांत घरोघर जा. घरात माणसं किती, त्यातली जिना न चढता येणारी किती, जनावरं किती, कापूस किंवा धान्य किती दिवस घरात राहतं, पोट कशावर आहे आणि ते काम घरापासून किती लांब आहे, एवढं लिहा. हलायला तयार आहात का, आणि कितव्या मजल्यापर्यंत, हे घरातल्या बाईला वेगळं विचारा. नवऱ्यासमोर ती वेगळं सांगेल. पानाखाली तिची सही किंवा अंगठा घ्या. ती वही तुम्ही सभेत टेबलावर ठेवलीत की बकरीच्या प्रश्नावर हसणं कुणालाही जड जाईल.

प्रकल्प अहवालाची आणि माती परीक्षणाची प्रत हातात आली की मला पाठवा. चष्म्याचा नंबर वाढला आहे, पण नकाशे अजून वाचता येतात. दोन दिवसांत वाचून, कुठं काय विचारायचं ते समासात लिहून परत करतो.

– तुमचा काका